पार्श्वभूमी: नोय्यल नदी आणि रंगाईचं मीठ

तमिळनाडूत वेल्लिंगिरी डोंगरातून निघून कावेरीला मिळणाऱ्या नोय्यल नदीवर जुने बंधारे नि तलाव होतेच. तिच्या काठचं तिरुप्पूर हे पूर्वी कापसाच्या बाजाराचं गाव. १९८०च्या दशकात होजिअरीची, म्हणजे बनियन-टीशर्टसारख्या विणलेल्या सुती कपड्यांची, निर्यात वाढली, त्यासोबत रंगाई आणि ब्लीचिंगचे कारखाने नदीकाठी दाटले. १९९२मध्ये शहराच्या खालच्या अंगाला ओरत्तुपाळयम धरण पुरं झालं, ते इरोड-करूर भागातल्या शेतीसाठी. पण पावसाळा सरला की नदीतून वाहायचं ते मुख्यतः कारखान्यांचं सांडपाणी, आणि तेच धरणात साठत गेलं. ज्यांच्यासाठी धरण बांधलं, तेच शेतकरी काही वर्षांत ‘हे पाणी कालव्याला सोडू नका’ म्हणू लागले.

इथे रंगापेक्षा मीठ महत्त्वाचं आहे, आणि चर्चेत नेमकं तेच मागे पडतं. सुती कापडावर रिअॅक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जाणारे) रंग चढवायला दर लिटर पाण्यात ४० ते १०० ग्रॅम मीठ लागतं. कापड ते धरून ठेवत नाही. सगळं धुण्याच्या पाण्यातून बाहेर येतं. अनेक कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणाऱ्या १९९०च्या दशकातल्या सामायिक प्रक्रिया केंद्रांत चुना आणि फेरस सल्फेट टाकून रंग खाली बसवत. पाणी फिकट व्हायचं, विरघळलेले क्षार मात्र कमी होत नसत, उलट थोडे वाढत. विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला २१०० मिलिग्रॅम होती आणि हे पाणी तिच्या कितीतरी वर असे. अशा पाण्यातलं सोडियम मातीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, चिकणमाती विस्कटते, पाणी मुरेनासं होतं. अशी पाणी न मुरणारी चोपण जमीन म्हणजे काय, हे शिरोळ-सांगलीकडच्या शेतकऱ्यांना सांगायला नको.

वाद खरा पेटला तो डिसेंबर २००६च्या निकालावरून. शेतकऱ्यांच्या याचिकेवर मद्रास उच्च न्यायालयाने ३१ जुलै २००७पर्यंत एक थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था उभारायला सांगितलं आणि तोवर सोडलेल्या दर लिटरमागे ६ पैशांपासून १० पैशांपर्यंत चढता दंड लावला. उद्योगाचं म्हणणं, ही अट परवडणारी नाही. लहान कारखानदार बुडतील. समुद्रापर्यंत नळ टाकण्याची कल्पनाही पुढे आली. खर्चाची तक्रार खरी होती, कारण रिव्हर्स ऑस्मोसिसनंतर (दाबाने पडद्यातून पाणी गाळून क्षार वेगळे केल्यावर) उरलेलं खारं पाणी आटवायला वीज आणि सरपण अफाट लागतं. तरीही हा खर्च आधी कोण भरत होतं? खालचे शेतकरी, आपल्या जमिनीने आणि विहिरींनी. म्हणून निकाल योग्यच होता. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. पालन झालं नाही, तेव्हा जानेवारी २०११मध्ये सातशेहून अधिक कारखाने बंद करण्याचा आदेश निघाला.

त्यानंतर जे कारखाने पुन्हा सुरू झाले, त्यांचं शुद्ध केलेलं पाणी शेताकडे वळलं नाही. ते परत रंगाईतच जातं. काही केंद्रं मिठाचं द्रावणही पुन्हा वापरतात. पुन्हा न वापरता येणारं मिश्र मीठ आणि गाळ मात्र आवारांत साठून राहतो.