विद्युत अपघटन

पाण्यात विरघळलेल्या किंवा वितळलेल्या आयनी (प्रभारित कणांच्या, म्हणजे आयनांच्या) पदार्थातून दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी विद्युतधारा जाऊ दिली, की अग्रांपाशी (धारा आत-बाहेर नेणाऱ्या वाहकांपाशी) नवे पदार्थ तयार होतात. या प्रक्रियेला विद्युत अपघटन म्हणतात. जुन्या ग्रंथांत ‘विद्युत विच्छेदन’ हा शब्दही दिसतो. दोन्ही शब्दांत फोडण्या-तोडण्याचा अर्थ आहे आणि पहिली गफलत तिथेच होते. वीज रेणू फोडते आणि मग त्याचे तुकडे दोन्हीकडे ओढले जातात, असा समज एकोणिसाव्या शतकात बराच काळ होता. स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८४ चा प्रबंध आणि त्यानंतरचे लेखन यांतून वेगळे मांडले: मीठ पाण्यात विरघळताच त्याचे आयन सुटे होतात, मग वीज जोडलेली असो वा नसो. परीक्षकांनी प्रबंधाला खालची श्रेणी दिली. १९०३ मध्ये याच कामाला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थोडक्यात, वीज हे आयन बनवत नाही. ती त्यांना हलवते आणि अग्रांपाशी त्यांचा प्रभार उतरवते.

आयन कुठून येतात

कोरड्या हायड्रोजन क्लोराइड वायूत आयन नसतात. तो टोल्युइनमध्ये विरघळवला तरी द्रावणातून वीज वाहत नाही. तोच वायू पाण्यात गेला, की जवळजवळ प्रत्येक रेणूचे विचरण होते, म्हणजे त्याचे आयन सुटे होतात, आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. म्हणजे आम्लपणा हा नुसत्या पदार्थाचा गुण नव्हे, त्यात पाण्याचाही हात असतो. ॲसिटिक आम्लाच्या ०.१ मोलर द्रावणात मात्र शंभरात जेमतेम एक-दीड रेणूचे विचरण होते. म्हणून ते सौम्य आम्ल, आणि त्यातून जाणारी धाराही क्षीण. तीव्र-सौम्य आणि संहत-विरल या दोन जोड्या वेगळ्या आहेत. पहिली जोडी विचरणाबद्दल बोलते, दुसरी पाण्याच्या प्रमाणाबद्दल. परीक्षेत यांची सरमिसळ हमखास होते.

आम्ल आणि आम्लारी एकत्र आली की हायड्रोजन व हायड्रॉक्साइड आयनांचे पाणी होते. उरलेले धन आणि ऋण आयन मिळून क्षार बनतो. ‘क्षार’ हा शब्द जपून वाचावा. जुन्या वैद्यक लेखनात क्षार म्हणजे राखेतून काढलेला दाहक पदार्थ, आजच्या भाषेत आम्लारीच्या जवळचा. शालेय पुस्तकांत मात्र तो उदासिनीकरणातून मिळणाऱ्या पदार्थासाठी रूढ झाला आहे. काही लेखक त्यालाच ‘लवण’ म्हणतात. या नोंदीत शालेय अर्थ घेतला आहे.

घन क्षारातही आयन असतात, पण ते स्फटिकात जखडलेले असल्याने वीज वाहून नेत नाहीत. त्यांना मोकळे करायचे दोनच मार्ग आहेत, पाणी किंवा उष्णता. शुद्ध पाण्यात कोणत्याही क्षणी सुमारे ५५ कोटी रेणूंपैकी एकाचेच विचरण झालेले असते. म्हणून पाण्याच्या अपघटनाच्या प्रयोगात थोडे सल्फ्युरिक आम्ल घालावे लागते.

अग्रांपाशी काय घडते

विजेरीच्या धन टोकाला जोडलेले ते धनाग्र, ऋण टोकाला जोडलेले ते ऋणाग्र. धन आयन ऋणाग्राकडे जाऊन इलेक्ट्रॉन घेतात, म्हणजे तिथे क्षपण होते. धनाग्रापाशी इलेक्ट्रॉन दिले जातात, म्हणजे ऑक्सिडीकरण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने अॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द रूढ केले. त्यांत धन-ऋण असा उल्लेख नव्हता. मराठी प्रतिशब्दांत तो शिरला आणि एक अडचण झाली. स्वतः वीज निर्माण करणाऱ्या विद्युतघटात ऑक्सिडीकरण ऋण टोकाशी होते, तेव्हा तिथल्या अॅनोडला ‘धनाग्र’ म्हणणे विचित्र ठरते. ऑक्सिडीकरण जिथे होते ते अॅनोड, एवढे ध्यानात ठेवले तर कुठेही चुकत नाही.

एकाच अग्राकडे दोन-तीन प्रकारचे आयन आले, तर प्रभार कोणाचा उतरणार? वितळलेल्या मिठात प्रश्न उद्भवत नाही: ऋणाग्राशी सोडियम, धनाग्राशी क्लोरीन. मिठाच्या संहत द्रावणात मात्र ऋणाग्राशी सोडियम न मिळता हायड्रोजन मिळतो, कारण सोडियम आयनाला इलेक्ट्रॉन घ्यायला लावण्यापेक्षा पाण्याचे क्षपण कितीतरी सोपे असते. धनाग्राशी क्लोरीन सुटतो आणि द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड उरते. कॉस्टिक सोड्याचे कारखाने याच प्रक्रियेवर चालतात. क्लोरीन आणि हा सोडा एकमेकांत मिसळू नयेत म्हणून दोन अग्रांमध्ये पटल ठेवावे लागते. द्रावण फार विरल असेल तर धनाग्राशी क्लोरीनऐवजी मुख्यतः ऑक्सिजन येतो.

किती विजेत किती पदार्थ

फॅरडे यांचे नियम सांगतात, की सुटणारे वस्तुमान वाहिलेल्या प्रभाराच्या समप्रमाणात असते. एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार सुमारे ९६,४८५ कूलोम भरतो. तेवढ्यात २३ ग्रॅम सोडियम सुटते, तांबे ३१.७५ ग्रॅम आणि अॅल्युमिनियम फक्त ९ ग्रॅम, कारण त्याच्या प्रत्येक आयनाला तीन इलेक्ट्रॉन लागतात. एक अँपिअर धारा तासभर चालवली तर अॅल्युमिनियम ग्रॅमचा तिसरा भाग भरेल. हा हिशेब पुढे उपयोगी पडतो.

धातू काढण्यासाठी

अभिक्रियाशीलता श्रेणीच्या (जास्त क्रियाशील धातू वर, कमी क्रियाशील खाली अशा यादीच्या) मधल्या धातूंची, उदाहरणार्थ लोखंडाची, ऑक्साइडे कार्बनने क्षपित होतात. वरच्या धातूंचे ऑक्सिजनशी बंध इतके बळकट असतात, की व्यवहारात कार्बन तिथे पुरा पडत नाही. हंफ्री डेव्ही यांनी आधी पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणातून वीज घालून पाहिली. हाती हायड्रोजन आणि ऑक्सिजनच आले. १८०७ मध्ये त्यांनी किंचित दमट घन पोटॅश घेतले. विजेनेच ते वितळले आणि ऋणाग्रापाशी पाऱ्यासारखे चकाकणारे थेंब दिसले: पोटॅशियम. काही दिवसांतच सोडियम मिळाले. भरपूर पाणी मध्ये असेल तर असा क्रियाशील धातू मिळत नाही, हा धडा या दोन प्रयत्नांत आहे.

अॅल्युमिनियमची कथा यापेक्षा गुंतागुंतीची आहे. बॉक्साइट हे अॅल्युमिनियमचे धातुक संहत कॉस्टिक सोड्यात उष्णता व दाब देऊन विरघळवतात. त्यातली अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचे ऑक्साइड) उभयधर्मी, म्हणजे आम्ल व आम्लारी दोन्हींशी अभिक्रिया करणारी, असल्याने ती द्रावणात जाते, लोखंडाचे ऑक्साइड लाल गाळ म्हणून मागे राहते. शुद्ध अॅल्युमिना सुमारे २,०५० अंश सेल्सिअसला वितळते. एवढ्या तापमानाला कारखाना चालवणे न परवडणारे. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर शोधले: वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात अॅल्युमिना विरघळवायची. मग सुमारे ९५० अंशांत काम भागते. दोघेही १८६३ चे जन्मलेले, दोघेही १९१४ मध्ये वारले; योगायोगाला यापेक्षा मोठी कमाल जमली नसती.

धनाग्रे कार्बनची असतात. सुटणारा ऑक्सिजन त्यांनाच जाळून कार्बन डायऑक्साइड बनवतो, म्हणून ती सतत झिजतात आणि बदलावी लागतात. अशा एका अपघटन-घटाला विभवांतर (व्होल्टेज) लागते चार-साडेचार व्होल्ट, पण धारा काही लाख अँपिअर. वरच्या हिशेबाने ३ लाख अँपिअरवर तासाला सुमारे १०० किलो धातू मिळतो. किलोमागे १३ ते १५ युनिट वीज जाते, त्यामुळे हे कारखाने मुबलक वीज असेल तिथेच उभे राहतात. भंगार वितळवून पुन्हा वापरायला याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते.

तांब्यात विजेचे काम शुद्धीकरणाचे. अशुद्ध तांब्याचे धनाग्र, शुद्ध पातळ पत्र्याचे ऋणाग्र, मध्ये आम्लयुक्त कॉपर सल्फेट. तांबे एकीकडे विरघळून दुसरीकडे बसते आणि ९९.९९ टक्क्यांपर्यंत शुद्ध होते. लोखंड, निकेल विरघळून द्रावणातच राहतात. चांदी, सोने न विरघळता धनाग्राखाली गाळात पडतात. तो गाळ कोणी फेकत नाही.

जस्त श्रेणीत हायड्रोजनच्या वर आहे. सोडियमला लावलेला नियम लावला तर जस्ताच्या जलीय द्रावणातून हायड्रोजन सुटायला हवा. प्रत्यक्षात जस्त बसते, कारण जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजन वायू सुटायला अपेक्षेपेक्षा बरेच जास्त विभवांतर लागते. श्रेणी पाठ करून सगळी उत्तरे मिळत नाहीत ती अशी. जस्ताचे सल्फाइड धातुक हवेत भाजून ऑक्साइड करतात, ते विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळवून झिंक सल्फेट हा क्षार मिळवतात. मग द्रावणात जस्ताची पूड टाकून तांबे, कॅडमियम वगैरे अशुद्धी बाहेर काढतात. काही अशुद्धी अत्यल्प राहिल्या तरी हायड्रोजन सुटू लागतो आणि बसलेले जस्त पुन्हा विरघळते. द्रावण स्वच्छ झाले की वीज सोडतात: अॅल्युमिनियमच्या ऋणाग्रावर जस्ताचा थर चढतो, शिशाच्या धनाग्रापाशी ऑक्सिजन सुटतो आणि द्रावणात सल्फ्युरिक आम्ल पुन्हा तयार होते. ते परत भाजलेल्या धातुकाकडे पाठवले जाते.