जहाजात तेल किती, हे कोणी मोजलं?

मृग तोंडावर आला आणि वावरात ट्रॅक्टर फिरू लागले की व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर हमखास एक नकाशा येऊन पडतो. होर्मुझच्या सामुद्रधुनीत बाणांची दाटी, आणि खाली मजकूर: तेलाची जहाजं अडकली, डिझेल संपणार. तासाभरात पंपावर कॅनांची रांग लागते. कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो, त्यामुळे काळजी वाटणं रास्त आहे. पण त्या नकाशात तेल दिसतच नाही. दिसतात ती फक्त जहाजं, आणि तीही त्यांनी स्वतः सांगितलेल्या जागी.

हे बाण ‘एआयएस’ नावाच्या यंत्रणेतून येतात. रात्री किंवा धुक्यात जहाजांची टक्कर होऊ नये म्हणून ती निघाली. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, ३०० ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकारमानाचं माप) आणि त्यावरच्या जहाजांवर २००४च्या अखेरपर्यंत ती सक्तीची झाली. चालतं जहाज दर २ ते १० सेकंदांनी रेडिओवरून आपली जागा, वेग आणि दिशा सांगतं. ही माहिती जीपीएसकडून आपोआप येते, तरी तिच्यातही घोळ घालता येतो. जून २०१७मध्ये काळ्या समुद्रातली अनेक जहाजं उपकरणांवर चक्क विमानतळावर उभी दिसत होती.

दर ६ मिनिटांनी जाणाऱ्या दुसऱ्या संदेशात जहाजाची ओळख, कुठे निघालं ते ठिकाण आणि ‘ड्राफ्ट’, म्हणजे बूड पाण्याखाली किती खोल आहे, हे असतं. ठिकाण आणि ड्राफ्ट जहाजावरचा अधिकारी हाताने टाइप करतो. माल वाटेतच विकला जाणार असेल, तर ठिकाणाच्या जागी नुसतं ‘फॉर ऑर्डर्स’ लिहिलेलं असतं. तेल किती आहे, यासाठी या संदेशात रकानाच नाही.

मग ‘या आठवड्यात इतके लाख बॅरल निघाले’ असे आकडे कुठून येतात? मला या विषयातला सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो, कारण त्याच्या मुळाशी शाळेतला आर्किमिडीज आहे. जिनिंगवर आपण कापसाची गाडी आधी भरलेली आणि मग रिकामी काट्यावर घेतो, फरक तो कापूस. जहाजाचा काटा म्हणजे समुद्र. जहाज जितक्या वजनाचं पाणी बाजूला सारतं, तितकंच त्याचं वजन.

आता हिशेब करू. मोठा कच्च्या तेलाचा टँकर साधारण ३३० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद असतो. टोकं निमुळती धरली तर पाण्याच्या पातळीवर त्याचं क्षेत्रफळ अंदाजे १७,००० चौरस मीटर भरेल. तो १ सेंटीमीटर खाली गेला की १७० घनमीटर पाणी सरतं. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ (म्हणजे घनमीटरला १.०२५ टन) धरली तर हे झालं सुमारे १७४ टन. एआयएसमध्ये ड्राफ्ट १० सेंटीमीटरच्या टप्प्यानेच लिहिता येतो, म्हणजे एका टप्प्यात १,७४० टन. कच्च्या तेलाची घनता ०.८६ आणि बॅरल १५९ लिटरचा, म्हणजे जवळपास १२,७०० बॅरल. आकडा अगदी प्रामाणिकपणे भरला तरी इतकी ढिलाई त्यात राहतेच. अधिकाऱ्याने मागच्या फेरीचा ड्राफ्ट बदललाच नाही, तर चूक लाखो बॅरलवर जाते.

शिवाय रिकामं जहाज तोल सांभाळायला पोटात समुद्राचं पाणी भरून घेतं, त्यामुळे अर्धवट बुडालेल्या जहाजात तेल किती आणि पाणी किती, हे नुसत्या ड्राफ्टवरून कळत नाही. पाण्याची घनताही सगळीकडे सारखी नसते. समुद्रात १० मीटर बुडालेलं जहाज गोड्या पाण्यात शिरलं की मालात काही बदल न होता सुमारे २५ सेंटीमीटर आणखी खाली जातं.

म्हणून माग काढणाऱ्या कंपन्या इतर धागेही जोडतात: बंदरावरच्या एजंटांच्या नोंदी, मालाची भरणपावती म्हणजे बिल ऑफ लेडिंग, कस्टमची आकडेवारी, उपग्रहांची चित्रं. एखाद्या जहाजाने एआयएस बंद केलं तरी सेंटिनेल-१सारख्या रडार उपग्रहाला ढगांतून आणि रात्रीही ते लोखंडी धूड दिसतं. फक्त ते कोणतं जहाज आहे, हे तर्कानेच ठरवावं लागतं. हे सगळं एकत्र करून शेवटी एक आकडा छापला जातो आणि त्यावर बाजारात भाव हलतात. आपल्या तालुक्यातली पोरंही मोबाइलवर एमसीएक्स या वायदेबाजारातलं क्रूड खेळतात. लॉट १०० बॅरलचा असतो, आणि टिप देणारा ‘सॅटेलाइटचा पक्का डेटा’ म्हणून मोकळा होतो.

इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. भेंडवळच्या घटमांडणीत पहाटे दाणे आणि मातीची ढेकळं पाहून पीक-पाऊस सांगतात, पण त्यांचा पीक-पावसाशी संबंध काय, हे कोणी दाखवत नाही. मी तिच्यावर पेरणी ठरवणार नाही. ‘आमच्या एआयने काढलं’ एवढंच सांगून आकडा विकणाऱ्यावरही मी याच कारणाने विश्वास ठेवणार नाही. उपग्रह खरा आहे, आर्किमिडीजही खरा आहे, पण अमुक जहाजाच्या अमुक आकड्यात त्यांचा वाटा किती आणि अंदाजाचा किती, हे लिहिलेलं असायला हवं.

ते अवघड नाही. प्रत्येक जहाजापुढे ड्राफ्टचा संदेश कोणत्या तारखेचा आहे, भरणपावती पाहिली की नाही, एआयएस किती तास बंद होतं आणि तेलाचा प्रकार पावतीवरून लिहिला की नुसता बंदरावरून ताडला, एवढे रकाने पुरेत. जहाज रिकामं झाल्यावर खरा आकडा कळतो आणि जुना दुरुस्त होतो. तेव्हा जुना आकडा पुसून टाकू नये, नव्याच्या शेजारी तारखेसकट ठेवावा, म्हणजे कोणाचा अंदाज किती चुकतो हे घेणाऱ्याला स्वतः मोजता येईल.