अठराच्या आतल्या मुलीला दिवस गेले असतील तर: पुण्यात कुठे जायचं, सही कोणाची, कागद कोणते

मुलगी अठराच्या आतली आहे आणि तिला दिवस गेलेत असं कळलं की घरात पहिला प्रश्न उठतो तो पोलिसांचा. त्या धास्तीने कुणी ओळखीच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणतं, कुणी 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत गप्प बसतं. दोन्हींत नुकसान मुलीचंच होतं. कायद्याने आधी दवाखाना गाठता येतो. गर्भपातासाठी एफआयआरची अट नाही आणि २४ आठवड्यांच्या आत कोर्टाच्या परवानगीचीही गरज नाही.

आठवडे कसे मोजतात

डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, आणि मुलींची पाळी अनियमित असेल तर सोनोग्राफीवर भर देतात. त्यामुळे घरच्या हिशेबापेक्षा दवाखान्याचा आकडा बहुतेक वेळा दोनेक आठवड्यांनी जास्त निघतो. हे ध्यानात ठेवूनच धावपळ करा.

१९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा २०२१ मध्ये बदलला. आता २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांच्या दरम्यान दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ही मुदत ठरावीक गटांनाच मिळते. अल्पवयीन मुली हा त्यातला स्वतंत्र गट आहे. म्हणजे अत्याचार सिद्ध करून दाखवायची गरज नाही, वय अठराच्या खाली असणं पुरेसं आहे.

२४ आठवडे उलटले असतील तर बहुतेक प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. न्यायालय वैद्यकीय मंडळाचा, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या गटाचा, अहवाल मागवतं. पुण्याच्या प्रकरणांत हे काम अनेकदा बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून रुग्णालयाच्या मंडळाकडे आलं आहे. वकिलाच्या फीसाठी थांबू नका. स्त्रिया आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात आहे, आणि १५१०० हा देशभराचा मदत क्रमांक आहे. मुलीचा जीव वाचवण्यासाठी गर्भपात ताबडतोब करणं गरजेचं असेल, तर मात्र आठवड्यांची मर्यादा आड येत नाही.

सही कोणाची

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते हे खरं, पण कायद्यातला 'पालक' म्हणजे मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती. आई-वडील दोघं हवेत, वडीलच हवेत असं कुठेही लिहिलेलं नाही. मुलगी शिक्षणासाठी मावशीकडे कोथरूडला राहत असेल आणि तिचं सगळं मावशीच बघत असेल, तर मावशीची सही चालू शकते. आई एकटी आली तरी चालतं. 'वडिलांना घेऊन या, मगच बघू' असं सांगून परत पाठवणं कायद्याला धरून नाही. डॉक्टरांनी कायद्यात नसलेल्या अटी घालू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट सांगितलं आहे.

आणि मुलीचं काय? घरच्यांना गर्भपात हवा आणि तिला नको, किंवा उलट, असंही घडतं. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका १४ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गर्भवतीची स्वतःची इच्छा महत्त्वाची, आणि अल्पवयीन मुलीचं मत पालकांपेक्षा वेगळं असेल तर ते विचारात घ्यायलाच हवं. म्हणून डॉक्टरांना तिच्याशी एकटीशी बोलू द्या. काही गोष्टी ती तुमच्यासमोर सांगणार नाही.

कुठे जायचं

ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, मंगळवार पेठेतलं महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय, पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय. खासगी दवाखाना निवडलात तर गर्भपात केंद्राचं मान्यता प्रमाणपत्र तिथे दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. ते बघून घ्या, कारण लहान नर्सिंग होमची मान्यता कधी कधी पहिल्या १२ आठवड्यांपुरतीच असते.

फक्त पाळी, गर्भनिरोधक किंवा शंका विचारायच्या असतील तर सरकारी रुग्णालयांतली मैत्री क्लिनिक आहेत. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १० ते १९ वयाच्या मुलामुलींना तिथे मोफत सल्ला मिळतो. नुसत्या सल्ल्यासाठी पालकांना सोबत न्यावं लागत नाही.

सोबत काय न्यायचं

मुलीच्या वयाचा पुरावा, सोबत आलेल्या पालकाचं ओळखपत्र, आधी काढलेली सोनोग्राफी आणि तपासण्यांचे कागद असतील तर ते. संमतीचा फॉर्म सी दवाखान्यातच मिळतो. वाचल्याशिवाय सही करू नका.

वयासाठी लोक आधार कार्ड पुढे करतात. केसपेपरला ते चालून जातं, पण पुढे पोलीस आणि कोर्टात वय ठरवताना बालन्याय कायद्याचा क्रम लागतो: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. शाळेतून बोनाफाईड आणताना कारण सांगायची गरज नाही, 'शिष्यवृत्तीसाठी' म्हटलं तरी पुरे. एखादा कागद हाताशी नाही म्हणून घरी थांबू नका, तो मागून आणता येतो.

आता पोलिसांचा प्रश्न

२०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) अठराच्या आतल्या मुलीशी आलेला शरीरसंबंध, तिची तयारी असली तरी, गुन्हा ठरतो. लग्न झालेलं असलं तरीही ठरतो. डॉक्टरांना कलम १९ खाली पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे 'डॉक्टर, तेवढं कळवू नका' ही विनंती निरर्थक आहे.

करता येण्यासारखी विनंती दुसरी आहे. २०२२ च्या त्याच निकालाप्रमाणे मुलगी आणि पालक यांनी सांगितलं, तर गर्भपाताच्या वेळी पोलिसांना द्यायच्या या माहितीत डॉक्टरांना मुलीचं नाव आणि ओळख उघड करावी लागत नाही. ही विनंती केसपेपर निघतानाच करा आणि लेखी द्या. अनेक दवाखान्यांत ही तरतूद अजून झिरपलेली नाही, म्हणून निकालाची तारीख लक्षात असू द्या. याशिवाय गर्भपात करून घेणाऱ्या मुलीचं नाव अधिकार नसलेल्या माणसाला सांगणाऱ्या डॉक्टरला गर्भपात कायद्याखाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

माझं मत विचाराल तर ही सवलत मुख्यतः दोघांच्या मर्जीने घडलेल्या प्रकरणांत उपयोगी पडते. तिथे मुलगाही बऱ्याचदा तिच्याच वयाचा असतो आणि त्याला बाल न्याय मंडळासमोर, म्हणजे अठराच्या आतल्या आरोपींची प्रकरणं बघणाऱ्या मंडळासमोर, जावं लागतं. जबरदस्ती झाली असेल, विशेषतः घरातल्या किंवा ओळखीतल्या माणसाकडून, तर नाव झाकून पुढचा रस्ता बंद करून घेऊ नका. तक्रार द्यायची असेल तर गर्भपाताआधीच डॉक्टरांना सांगा, म्हणजे डीएनए तपासणीसाठी नमुना जपून ठेवला जाईल.

तक्रार दिल्यावर चौकीत ताटकळावं लागेल अशी धास्ती असते. पॉक्सोप्रमाणे मुलीचा जबाब घरी किंवा तिला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलीला ठाण्यात थांबवता येत नाही. वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, सोबत पालक किंवा मुलीचा विश्वास असलेलं माणूस हवं. अत्याचारग्रस्त मुलीवरचे उपचार सरकारी आणि खासगी दोन्हीकडे मोफत आहेत. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. प्रवास, कपडे, जेवण अशा तातडीच्या खर्चाची शिफारस ही समिती करू शकते आणि ते पैसे आठवड्याच्या आत मिळायला हवेत. कुठे अडलं तर १०९८ (मुलांसाठीचा मदत क्रमांक) किंवा ११२ (पोलीस व तातडीची मदत) लावा.

अत्याचारग्रस्तांसाठीच्या राज्याच्या मनोधैर्य योजनेचं अर्थसाहाय्यही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फतच मिळतं. त्यासाठी एफआयआरची प्रत, वैद्यकीय कागद, वयाचा दाखला आणि बँक पासबुक तयार ठेवा. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती तक्रार नोंदवतानाच मागून घ्या.