नर्सिंगच्या वर्गातील औषधशास्त्र: एका जुन्या तक्रारीची पार्श्वभूमी

मुंबईतील नर्सिंगच्या विद्यार्थिनी ज्याला थोडक्यात ‘फार्मा’ म्हणतात, त्या औषधशास्त्राबद्दल त्यांची तक्रार सहसा अध्यापकांच्या विद्वत्तेविषयी नसते. औषधांचे वर्ग, नावे आणि दुष्परिणाम परीक्षेपुरते पाठ होतात, पण वॉर्डात औषधांच्या ट्रॉलीसमोर उभे राहिल्यावर त्यांतले नेमके काय वापरायचे ते उमगत नाही, असे त्यांचे म्हणणे असते. याचे मूळ बरेच मागे सापडते.

1845 मध्ये भायखळ्याला सर ज. जी. रुग्णालय आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले; मुंबईत प्रशिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांची नोंद 1891 सालची आहे. म्हणजे डॉक्टरांचे शिक्षण आधी रुजले आणि परिचारिकांचे त्याच्या सावलीत वाढले. ‘मटेरिया मेडिका’ म्हणजे औषधद्रव्यांची माहिती देणारा विषयही त्यांच्याकडे डॉक्टरांच्या अभ्यासातूनच आला. मोजमापे ग्रेन (वजनाचे जुने माप) आणि मिनिम (द्रवाचे जुने माप) यांची होती. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. 1956 च्या कायद्याने देशात दशमान मापे आली. जुन्या मापांमुळे निदान हिशेब तरी हाताखालून जात असे, हे मात्र मान्य करावे लागेल.

भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा 1947 चा. 1964 मध्ये एसएनडीटी विद्यापीठाच्या लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालयाने मुंबईत पदवीचे शिक्षण सुरू केले. तरीही 2021 पूर्वीच्या पदवी पाठ्यक्रमात औषधशास्त्राला दुसऱ्या वर्षी अवघे 45 तास होते आणि विकृतिशास्त्र व अनुवंशशास्त्र यांच्यासह त्याची एकच प्रश्नपत्रिका असे. एवढ्या वेळात सर्व औषधवर्ग उरकायचे म्हटल्यावर व्याख्यान झोडण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. त्यातही वैद्यकीय महाविद्यालयातून येणारा अध्यापक स्वाभाविकपणे औषध लिहून देणाऱ्याच्या नजरेने शिकवतो: कोणते औषध निवडावे आणि का. परिचारिकेचे प्रश्न वेगळे असतात. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध देण्यापूर्वी पूर्ण एक मिनिट हृदयाचे ठोके मोजावेत आणि प्रौढ रुग्णात ते 60 च्या खाली असल्यास डोस थांबवून डॉक्टरांना कळवावे. 20 थेंबांचा एक मिलिलिटर होणाऱ्या सलाईनच्या नळीच्या सेटमधून 500 मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायचे असल्यास मिनिटाला सुमारे 21 थेंब लावावेत. या गोष्टी बहुतेकींना वर्गाऐवजी ड्यूटीवरच्या सिस्टरकडून कळतात.

2021 च्या सुधारित पाठ्यक्रमाने औषधशास्त्र तिसऱ्या आणि चौथ्या सत्रांत विभागले, तास 20 आणि 60 असे एकूण 80 केले आणि औषधलेखनाची मूलतत्त्वेही त्यात घातली. वाढ लक्षणीय आहे. मात्र शिकवणारा आणि वॉर्ड यांमधले अंतर केवळ तासांनी भरून निघत नाही. शिवाय अध्यापनाविषयी विद्यार्थिनींना दिल्या जाणाऱ्या अभिप्रायाच्या नमुन्यांत भर असतो तो अध्यापकाचा वक्तशीरपणा, भाषेची स्पष्टता आणि पाठ्यक्रम पूर्ण होणे यांवर. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत देऊ नये, हे वॉर्डात जाण्याआधी तुम्हाला कोणी शिकवले होते का, असा प्रश्न तिथे क्वचितच असतो.