पाचाचं पाकीट आणि निळा धागा
मॉप व गॉज घेणारी रुग्णालयं आणि नर्सिंग होम यांच्यासाठी माहितीपत्रक

नवीन ग्राहक आम्हाला हमखास एक प्रश्न विचारतात : "थानातून कापलेला गॉज एवढा स्वस्त पडतो, मग तुमचं पाचाचं पाकीट कशाला घ्यायचं?" प्रश्न रास्त आहे. (पाचाचं पाकीट म्हणजे शस्त्रक्रियेत रक्त टिपायचे, निळा धागा असलेले, मोजून भरलेले पाच नग : पातळ जाळीदार कापडाचे गॉज किंवा टेप लावलेले मोठे मॉप.) फोनवर उत्तर देताना घाई होते, म्हणून हे पत्रक.

बऱ्याच लहान नर्सिंग होममध्ये दुपारच्या निवांत वेळी मावशी थान उलगडून गॉज कापतात, घड्या घालतात, ड्रम भरतात. ड्रम ऑटोक्लेव्ह होऊन (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक होऊन) ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, जातो. त्यात नग किती, हे कुणी लिहिलेलं नसतं. मूठभर काढले, ट्रॉलीवर ठेवले, कमी पडले तर आणखी काढले. मग शेवटी सिस्टरनी कितीही नीट मोजलं तरी ताळा जुळवायचा कशाशी? सुरुवातीची शिल्लकच वहीत नाही.

आणि एखादा नग आत राहिला तर? रक्ताने भिजलेला गॉज पोटात आजूबाजूच्या अवयवांत मिसळून जातो. नजरेलाही कळत नाही आणि हातालाही चटकन लागत नाही. सुती कापड शरीरात विरघळत नाही. एक तर त्याभोवती पू होतो आणि रुग्ण ताप, पोटदुखी घेऊन परत येतो. नाही तर शरीर त्याच्याभोवती जाड वेष्टण तयार करतं, आणि कित्येक वर्षांनी सोनोग्राफीत ती गाठ म्हणून दिसते. डॉक्टर याला 'गॉसिपिबोमा' म्हणतात. त्यातलं 'गॉसिपियम' म्हणजे कापूस. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला हे नाव ऐकून बरं वाटत नाही.

आपल्याकडचं जुनं प्रकरण औरंगाबादचं आहे. 1963 साली तिथल्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीनंतर नसबंदी केलेल्या एका बाईंच्या पोटात मॉप राहिला. दुसरी शस्त्रक्रिया करून तो काढला, पण त्या वाचल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1996 मध्ये आला. मॉप पोटात राहिला ही गोष्टच निष्काळजीपणा सांगायला पुरेशी आहे, असं न्यायालयाने मानलं आणि भरपाईची जबाबदारी राज्य सरकारवर ठेवली.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे मोजणी होते. बहुतेक ठिकाणी होतेच. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला 2003 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मात्र वाचण्यासारखा आहे. 54 रुग्णांच्या शरीरात 61 वस्तू राहिल्या होत्या, त्यांतल्या साधारण दोन तृतीयांश स्पंज, म्हणजे गॉज-मॉपसारखे रक्त टिपायचे नग, होत्या. ज्या रुग्णांच्या वेळी मोजणी झाली होती, त्यांतल्या 88 टक्के वेळा कागदावर 'बरोबर' असंच लिहिलेलं होतं! तातडीच्या शस्त्रक्रियेत धोका सुमारे नऊपट निघाला, आणि ठरलेली शस्त्रक्रिया मध्येच बदलावी लागली तर चौपट. म्हणजे रात्री दोनचं सिझेरियन, रक्तस्राव, पळापळ. नेमकी मोजणी डळमळते ती तिथेच.

पाकीट उघडताना

आमच्या पाकिटात पाच नग असतात. स्क्रब सिस्टर (निर्जंतुक हातांनी टेबलाशी मदत करणारी) आणि फ्लोअर सिस्टर (बाहेरून सामान देणारी), दोघींनी एकत्र बघत, मोठ्याने मोजावं. गठ्ठ्यावरून नव्हे, एकेक नग सुटा करून. प्रत्येकात निळा धागा आहे का तेही तेव्हाच पाहावं. आकडा लगेच ओटीतल्या मोजणीच्या फळ्यावर. चार निघाले किंवा सहा निघाले, तर "चला, चार धरू" असं करू नका. अख्खं पाकीट बाजूला काढा, वापरू नका, आम्ही बदलून देतो. आमच्याकडे भरणारी माणसं मोजूनच भरतात, पण ती माणसंच आहेत.

मॉप कापून अर्धा करू नका. एकाचे दोन झाले की फळ्यावरचा आकडा खोटा ठरतो. मोठ्या मॉपच्या टेपला आर्टरी (पकडून ठेवणारा चिमटा) लावून ती जखमेबाहेर ठेवा. वापरलेले नग पाच-पाचांच्या ओळीत मांडा, आणि शेवटची मोजणी होईपर्यंत बादली ओटीबाहेर जाऊ देऊ नका. धागा असलेला गॉज ड्रेसिंगला वापरू नका, नंतरच्या एक्स-रेत तो गोंधळ घालतो. ड्रेसिंगला साधा गॉज चालतो, पण तो त्वचा शिवून झाल्यावरच टेबलावर यावा.

मोजणी सुरुवातीला, प्रत्येक नवीन पाकिटाला, गर्भाशयासारखा पोकळ अवयव शिवण्याआधी, पोट बंद करण्याआधी आणि त्वचा शिवताना. मध्ये ड्युटी बदलली तर तेव्हाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित शस्त्रक्रिया यादीतही रुग्ण ओटीबाहेर जाण्यापूर्वी ही मोजणी तोंडी सांगायला लावली आहे.

प्रसूती कक्षाबद्दल वेगळं सांगायला हवं. टाके घालताना रक्त थोपवायला योनीमार्गात ठेवलेला गॉज तिथेच राहून जातो, कारण तिथे ना फळा असतो ना स्क्रब सिस्टर. तिथे शेपटीवाला (टेप लावलेला) मॉप वापरा, शेपटी बाहेर ठेवा आणि आत ठेवलेला प्रत्येक नग केसपेपरवर लिहा.

धागा काय करतो

निळा धागा प्लॅस्टिकचा असतो आणि त्यात बेरियम सल्फेट मिसळलेलं असतं, म्हणून तो एक्स-रेत पांढऱ्या वेटोळ्यासारखा दिसतो. मोजणी जुळली नाही तर आधी शिवणं थांबवून जखम, चादरी, बादली, टेबलाखालची जमीन बघा. तरी सापडलं नाही तर रुग्ण टेबलावर असतानाच एक्स-रे काढा, छातीच्या पडद्यापासून ओटीपोटापर्यंत सगळं पोट त्यात येईल असा. एक्स-रेवाल्याला काय शोधतोय ते स्पष्ट सांगा. अगदी बारीक सुई मात्र एक्स-रेत दिसेलच असं नाही.

धागा हरवलेलं शोधायला मदत करतो, मोजत नाही. चिप बसवलेले, स्कॅनरने शोधता येणारे स्पंजही बाजारात आहेत; आम्ही ते विकत नाही, आणि तेही मोजणीच्या जोडीला वापरायचे असतात. आमचे मॉप धुऊन पुन्हा वापरू नका, धाग्याची आणि टेपची शिवण सैल होते.

पाकिटावरचा बॅचचा स्टिकर मोजणीच्या कागदावर चिकटवून ठेवा. नग कमी-जास्त निघाल्याचं कळवाल तेव्हा तोच नंबर सांगा, म्हणजे त्या दिवशीची बाकीची पाकिटं आम्हाला थांबवता येतील. भिंतीवर लावायचा मोजणीचा मराठी तक्ता पहिल्या खोक्याबरोबर मोफत येतो; फाटला तर दुसरा मागवा.