सुनावणी खुली म्हणजे बैठक खुली नव्हे

वीजदरावर पुण्यात जनसुनावणी झाली की कोणीतरी विचारतंच, "मग काय ठरलं?" कौन्सिल हॉलमध्ये दिवसभर बसून आलेल्यालाही उत्तर देता येत नाही. कारण तिथे काही ठरतच नाही.

सुनावणीत ग्राहक बोलतो आणि वीजदर ठरवणारा राज्य वीज नियामक आयोग ऐकतो. वीज कायदा २००३ च्या कलम ६४ प्रमाणे वीज कंपनीला दराचा अर्ज जाहीर करावा लागतो, आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन आयोगाला १२० दिवसांत आदेश द्यावा लागतो. शेतीपंपांचा वापर फुगवून दाखवला जातो आणि गळती त्यात झाकली जाते, हा आक्षेप अशाच सुनावण्यांमधून वर्षानुवर्षं आकडेवारीनिशी मांडला गेला. हा हक्क लहान नाही.

खुल्या बैठकीत उलट असतं. सदस्य आपसात चर्चा करतात, मत देतात. लोक नुसते बसून ऐकतात. अमेरिकेत १९७६ च्या 'सनशाइन' कायद्याने केंद्रीय पातळीवरच्या बहुसदस्य आयोगांवर हे बंधन घातलं. बैठकीची सूचना साधारणपणे आठवडाभर आधी द्यायची, आणि दार लावायचं तर कायद्यातल्या दहा कारणांपैकी एक दाखवायचं. तिथेही पळवाट आहेच: बैठक न घेता कागद फिरवून मतं घेतली, की पाहायला काही उरत नाही.

आपल्या कायद्यात कलम ९२ बैठकीचे नियम ठरवणं आयोगावरच सोडतं. निर्णय बहुमताने, मतं समसमान पडली तर अध्यक्षांचं निर्णायक मत. लोकांना आत बसू द्या, असं ते कलम म्हणत नाही. कलम ८६(३) मात्र राज्य आयोगाला कारभार पारदर्शक ठेवायला सांगतं, आणि माझ्या मते निदान दर ठरवतानाची चर्चा तरी त्यात यायलाच हवी. कोणत्या सदस्याला कोणता मुद्दा पटला नाही, हे पैसे भरणाऱ्याला कळायला नको का?

तोवर माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ हाताशी आहे. मंडळं, समित्या यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त मिळतं का, हे सार्वजनिक प्राधिकरणाने आपणहून जाहीर करायचं असतं. आणि दराचा आदेश आला की नुसता तक्ता पाहू नका. त्यात हरकत, कंपनीचं उत्तर आणि आयोगाचं मत असं मुद्द्यांनुसार छापलेलं असतं. आपल्या हरकतीचं काय झालं, ते तिथे शोधा.