रेसिंग गेमचा स्क्रीनशॉट पोस्टरसाठी देताना: रिझोल्यूशन किती ठेवायचं?

रेसिंग गेममधल्या गाड्यांची पोस्टरं छापून घेणारे ग्राहक आता आमच्याकडे बारमाही येतात. कुणाला फोर्झा होरायझन ५ मधल्या मेक्सिकोच्या वाळवंटात धुरळा उडवणारी गाडी हवी असते, कुणाला ग्रॅन टुरिस्मो ७ मधलं न्युर्बुर्गरिंग, कुणी असेटो कोर्सामधला स्वतःचा रिप्ले, म्हणजे शर्यतीचं रेकॉर्डिंग, घेऊन येतं. तक्रार मात्र सगळ्यांची सारखीच असते: "मॉनिटरवर एकदम कडक दिसतंय, मग प्रिंटमध्ये फाटतं कसं?" फाटतं म्हणजे चित्र ठिपक्याठिपक्यांचं, धूसर दिसतं. हे पत्रक त्यासाठीच आहे. शक्य असेल तर स्क्रीनशॉट घेण्याआधी वाचा. नंतर आमच्या हातात फारसं काही उरत नाही.

मॉनिटरवर चालतं ते कागदावर का चालत नाही

२४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, बसतात. तेच चित्र त्याच आकारात छापलं तर कागदावरही इंचाला ९२च येणार. फरक बघण्यात आहे. खेळताना गाडी पळत असते, सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत असतं आणि तुमचं लक्ष पुढच्या वळणावर असतं. पोस्टरमध्ये तीच गाडी थांबलेली असते आणि घरी आलेला मित्र नाक टेकवून नंबर प्लेट वाचतो.

म्हणून आधी पोस्टर किती इंचांचं हवं ते ठरवा आणि तिथून उलट या. आमचा काउंटरवरचा हिशेब सोपा आहे. चित्राच्या लांब बाजूचे पिक्सेल घ्या, १५० ने भागा. जेवढे इंच येतील तेवढं पोस्टर भिंतीवर बिनधास्त लावा. १९२० × १०८० म्हणजे फुल एचडीला पावणेतेरा इंच येतात. २५६० × १४४० ला सतरा. ३८४० × २१६०, म्हणजे ज्याला आपण ४के म्हणतो, त्याला साडेपंचवीस. ७६८० × ४३२० च्या ८के चित्राला एक्कावन्न.

हातात धरून बघायची वस्तू असेल, म्हणजे ए४ प्रिंट, वहीचं कव्हर, पोस्टकार्ड, तर १५० च्या जागी ३०० धरा, निदान २०० तरी. निरोगी डोळ्याला फुटभर अंतरावरून इंचामागे ३०० च्या आसपास ठिपके असले की ते वेगवेगळे दिसत नाहीत, तिथून हा आकडा आला. याउलट सोफ्यामागच्या भिंतीवरचा कॅनव्हास कुणी सहा फुटांच्या आत बघत नाही. त्याला १०० सुद्धा पुरतात, कारण कॅनव्हासचा पोत बरंच झाकून घेतो.

ग्राहक बऱ्याचदा फोटोशॉपमध्ये ७२ चं ३०० करून आणतात आणि सांगतात, "३०० डीपीआय करून आणलंय." डीपीआय म्हणजे इंचामागचे ठिपके, पण तो फाइलवर लिहिलेला नुसता आकडा असतो, पिक्सेल तेवढेच राहतात. आणि पिक्सेलही वाढवून आणले असतील तर ते पाणी घालून ताक वाढवण्यासारखं झालं. एआयवाली टूल्स गाडीच्या कडा बऱ्या करतात हे खरं. पण टायरवरची अक्षरं आणि बॉडीवरचे स्पॉन्सरचे स्टिकर ती मनाने रचतात, आणि मोठ्या प्रिंटमध्ये भलतीच लिपी उमटते. गेममध्येच जास्त पिक्सेल घेता येत असतील तर तो रस्ता धरा.

कापलं जाणारं धरून चाला

मॉनिटरचं चित्र १६:९ असतं. आमचा सगळ्यात जास्त खपणारा कागद १२ बाय १८ इंच, म्हणजे ३:२. पूर्ण कागद भरायचा तर दोन्ही बाजूंनी चित्र कापावंच लागतं. ४के चित्रातून ३२४० × २१६० एवढा भाग उरतो आणि १८ इंचांवर इंचाला १८० पिक्सेल पडतात. हे झकास. फुल एचडीमधून १६२० × १०८० उरतात, म्हणजे इंचाला ९०, आणि इथेच फाटायला सुरुवात होते. २४ बाय ३६ ला तर ४केचेही ९०च पडतात. तो आकार कॅनव्हासवर चालेल. फोटो पेपरवर हवा असेल तर ८के आणा.

त्यामुळे फोटो मोडमध्ये (गेम थांबवून कॅमेरा हवा तसा फिरवायची सोय) गाडी फ्रेमच्या अगदी कडेला ठेवू नका, मागच्या पंखाला थोडी मोकळी जागा द्या. उभं पोस्टर हवं असेल आणि गेममध्ये कॅमेरा आडवा फिरवता येत असेल तर तसाच फिरवून घ्या. आडव्या चित्रातून उभा तुकडा कापला तर निम्म्याहून जास्त पिक्सेल कचऱ्यात जातात.

३४४० × १४४० चे रुंद मॉनिटर वापरणाऱ्यांनी ३:२ चा हट्ट सोडावा असं आमचं मत आहे. ३४ बाय १४ इंचांची लांब पट्टी करा. इंचाला साधारण १०० पिक्सेल पडतात, आणि सर्किटची सरळ रेघ, मागे ग्रँडस्टँड असं दृश्य असेल तर टेबलामागच्या भिंतीवर ती फार देखणी दिसते.

आकडा ४के, चित्र मात्र नाही

मेनूत ३८४० × २१६० लिहिलंय म्हणजे गेमने तेवढं खरोखर काढलंय असं नाही. डीएलएसएस किंवा एफएसआर ही वेग वाढवणारी सेटिंग चालू असतील तर गेम आतून लहान चित्र काढतो आणि ते फुगवून दाखवतो. डीएलएसएस 'क्वालिटी'वर असताना ४केचं चित्र आतून २५६० × १४४० चं असतं, 'परफॉर्मन्स'वर थेट १९२० × १०८०. पळत्या गाडीत हे कळतही नाही. पण ट्रॅकच्या कडेच्या जाळीकडे बघा. खऱ्या ४केमध्ये तारेचा प्रत्येक चौकोन मोजता येतो, फुगवलेल्यात तारा मध्येच तुटतात आणि काही ठिकाणी जाळीचा नुसता राखाडी धूर होतो. १२ बाय १८ वर हा धूर हातभर लांबून दिसतो.

खेळताना हे सगळं चालू असू द्या, त्याला ना नाही. फोटोच्या वेळी मात्र बंद करा. फोटोला ६० फ्रेम लागत नाहीत, दहा मिळाल्या तरी काम होतं. म्हणून शर्यत नेहमीच्या सेटिंगवर खेळा आणि रिप्ले साठवा. मग रिझोल्यूशन, सावल्या, आरशातली प्रतिबिंबं, टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेले पोत) सगळं वर नेऊन रिप्ले उघडा आणि फोटो घ्या. गेम अडखळत चालेल, चालू द्या.

मोबाइलवरच्या गेमचंही असंच आहे. स्क्रीनशॉट २४०० × १०८० चा निघतो, पण फोन तापू नये म्हणून गेम बऱ्याचदा आतून त्याहून कमी रिझोल्यूशनवर चालतो. त्याचं छोटं स्टिकर किंवा की-चेन मस्त होते. पोस्टर नको.

फुल एचडी मॉनिटरवरून ४के

त्यासाठी ४के मॉनिटर विकत घ्यायची गरज नाही. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये थ्रीडी सेटिंगखाली 'डीएसआर फॅक्टर्स' असतं, तिथे ४.०० निवडा. आता गेमच्या यादीत ३८४० × २१६० दिसायला लागेल. गेम बॉर्डरलेस विंडोत चालत असेल तर आधी डेस्कटॉपचंच रिझोल्यूशन बदलावं लागतं. एएमडीच्या कार्डावर याच कामाला 'व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन' आहे. कार्ड ते चित्र लहान करून मॉनिटरवर दाखवतं, पण फाइलमध्ये सगळे ८३ लाख पिक्सेल उतरतात. फुल एचडीत जेमतेम २१ लाख असतात. कार्डावरचं काम चौपट होतं हे मात्र लक्षात ठेवा. ८केला पिक्सेल ३ कोटी ३१ लाखांवर जातात आणि कार्डाची मेमरी कमी असेल तर गेम बंदच पडतो. १२ बाय १८ साठी त्या वाटेला जाऊ नका.

ट्रॅकमेनिया खेळणाऱ्यांना तर हेही करावं लागत नाही. तिथे मीडियाट्रॅकर या गेममधल्याच रिप्ले-एडिटरमधून चित्र काढताना रिझोल्यूशन वेगळं निवडता येतं.

जुन्या गेमचा प्रकार निराळा. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनच्या शर्यती २०११ ते २०१३ अशा तीनच झाल्या आणि त्या वर्षांच्या अधिकृत गेममध्ये तो ट्रॅक आहे, म्हणून तेवढ्यासाठी ते गेम पुन्हा काढणारे लोक आहेत. डीएसआर लावलं की गाडीच्या कडा सुरेख येतात, पण गवत, प्रेक्षक आणि रस्त्याचा पोत त्या काळच्या टेक्श्चरचाच राहतो. पिक्सेल वाढले की तो धूसरपणा उलट जास्त उठून दिसतो. अशा वेळी कॅमेरा गाडीजवळ आणा आणि मागचं ब्लर होऊ द्या.

ब्लरचा फायदा नव्या गेममध्येही घ्या. शटर स्पीड कमी ठेवून, गाडीबरोबर कॅमेरा फिरवत घेतलेल्या फोटोत मागचं सगळं ओघळलेलं असतं, तिथे पिक्सेल कमी पडले तरी कुणाला कळत नाही. फक्त गाडी कडक हवी. फुल एचडीच फाइल असेल आणि तरी १२ बाय १८ हवंच असेल, तर आम्ही असाच फोटो निवडायला सांगतो. झाडं, खडी, जाळी आणि गर्दी असलेला स्थिर फोटो मात्र ४केच्या खाली आणू नका.

कन्सोलवाल्यांसाठी

प्लेस्टेशन ५ वर कॅप्चरच्या सेटिंगमध्ये स्क्रीनशॉटचा प्रकार जेपीईजी आणि पीएनजी यांतून निवडता येतो. पीएनजी ठेवा, त्यात चित्राचा तपशील गळत नाही. मीडिया गॅलरीतून पेन ड्राइव्हवर कॉपी करा, पण ती एक्सफॅट किंवा फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली असू द्या, एनटीएफएस असेल तर कन्सोल ती ओळखत नाही. एक्सबॉक्सवरून वनड्राइव्हवर चढवून लिंक आणली तरी चालते.

टीव्हीसमोर उभं राहून मोबाइलने काढलेला फोटो कृपया आणू नका. टीव्हीचे ठिपके आणि कॅमेऱ्याचे ठिपके एकमेकांवर पडून जे रंगीत पट्टे येतात, ते आमच्याकडच्या कुठल्याच मशीनवर जात नाहीत.

गेममधला फोटो कागदावर उतरवायची हौस तशी जुनीच आहे. २००४ च्या डिसेंबरात जपानमध्ये आलेल्या ग्रॅन टुरिस्मो ४ मध्ये फोटो मोड होता आणि प्लेस्टेशन २ ला चालणारा यूएसबी प्रिंटर जोडून गाडीचा फोटो घरीच छापता यायचा. आजच्या कन्सोलवाल्यांना मात्र आमच्यापर्यंत यावं लागतं.

फाइल कुठे असते आणि कशी आणायची

स्टीमवर एफ१२ दाबलं की जेपीईजी साठवली जाते. स्क्रीनशॉटच्या सेटिंगमध्ये कॉम्प्रेस न केलेली प्रतही साठवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा आणि तीच प्रत आणा. विंडोज, आल्ट आणि प्रिंट स्क्रीन या तीन बटणांनी घेतलेला फोटो व्हिडिओज फोल्डरमधल्या कॅप्चर्समध्ये जातो. तिथे एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारा मोड) चालू असेल तर पीएनजीबरोबर जेएक्सआर अशी आणखी एक फाइल तयार होते. आम्हाला पीएनजीच द्या. खरं तर फोटोपुरता एचडीआर बंद ठेवणंच बरं, नाहीतर रंग फिके पडतात. असेटो कोर्साचे फोटो डॉक्युमेंट्समधल्या असेटो कोर्सा फोल्डरात 'स्क्रीन्स' नावाखाली सापडतील.

जेपीईजीला आमचा सरसकट विरोध नाही, पण लाल गाड्यांना ती सोसत नाही. बहुतेक जेपीईजी फाइलींमध्ये रंगाची माहिती आडवी आणि उभी निम्मीच साठवलेली असते. लाल दारावरच्या पांढऱ्या नंबराच्या कडेला त्यामुळे गुलाबी किनार येते, आणि काळ्या टायरजवळ लाल रंग बाहेर सांडल्यासारखा दिसतो. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीत हे जाणवत नाही.

आणि व्हॉट्सॲप. मेहनतीने घेतलेला ४के फोटो साधा पाठवला की त्याची लांब बाजू सहसा १६०० पिक्सेलच्या आसपास येते, म्हणजे फुल एचडीहूनही कमी. आमच्याकडे येणाऱ्या फाटक्या फोटोंमध्ये सगळ्यात मोठा वाटा याच कारणाचा असतो. व्हॉट्सॲपवरच पाठवायचं असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, ड्राइव्हची लिंक द्या किंवा सरळ पेन ड्राइव्ह घेऊन या.

स्पीडोमीटर, नकाशा आणि तुमचं ऑनलाइन नाव स्क्रीनवरून आधी काढून टाका, आम्ही ते पुसत बसत नाही. निऑन हिरवा आणि झगझगीत निळा कागदावर थोडा मावळतो, ते शाईचं बंधन आहे. रात्रीचा फोटो असेल तर फोटो मोडमध्ये उजेड एक पायरी वर घ्या. स्वतःच्या खोलीसाठी किंवा भेट द्यायला हवं तेवढं छापून देऊ, पण विक्रीसाठी गेममधल्या चित्रांच्या प्रती आम्ही काढत नाही.

ऑर्डर घेतल्यावर दिव्याजवळचा किंवा नंबर प्लेटचा दोन इंची तुकडा आम्ही ठरलेल्या आकाराच्या हिशेबाने छापून दाखवतो. याचे वेगळे पैसे नाहीत. तो हातात घेऊन नीट बघा, आकार कमी करायचा असेल किंवा फोटो बदलायचा असेल तर तेव्हाच सांगा. पूर्ण शीट मशीनवर चढल्यावर बदल होत नाही.